सीझन संपेपर्यंत सांगू नका

आधी माफी मागतो. लिहायला बसावं इतकं माझं मराठी नाही. सांगलीजवळच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं न्यू जर्सीत, इंग्रजीत झालं. मराठी टिकलं ते आईच्या आग्रहामुळे, रविवारच्या वर्गामुळे आणि बाबांशी दुसऱ्या कुठल्या भाषेत मनातलं बोलता येत नाही म्हणून. शिवाय ज्या खेळाबद्दल लिहितोय तो वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला नसेल, आणि त्या खेळातही मी कुणी मोठा नव्हे. एका छोट्या कॉलेजच्या आइस हॉकी टीमचा दुसरा गोलकीपर, एवढंच. अशा मुलाने आठवणी लिहिणं आगाऊपणाचं आहे हे कळतं. तरी तो हिवाळा मी नुसता घाबरण्यात घालवला आणि त्याबद्दल आमच्या घरात अजून कुणी कुणाशी नीट बोललेलं नाही. बोलायला जमत नाही म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

हॉकी माझ्याकडे बाबांच्या नोकरीमुळे आली. आत्याने आम्हाला अमेरिकेत बोलावून घेतलं तेव्हा तिच्या ओळखीची सगळी मराठी माणसं इंजिनियर नाही तर डॉक्टर होती. बाबा दहावी नापास. गावाकडे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. पार्सिपनीजवळच्या एका आइस रिंकला मशिन समजणारा माणूस हवा होता, तिथे ते लागले. खेळून ओरखडलेला बर्फ तासून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाणारी एक मोठी गाडी असते. ती गाडी बाबा चालवायचे. आई पोळी-भाजीच्या ऑर्डरी करायची, धाकटी बहीण पाळणाघरात असायची, आणि मला शाळेनंतर ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी रिंकच्या बाकावर बसून होमवर्क करायचो. बर्फ मोकळा असला की कुणीतरी विसरून गेलेले स्केट्स घालून उतरायचो. गोलकीपर झालो कारण त्या जागेवर उभं राहायला कुणी तयार नव्हतं आणि मला अजून नीट पळता येत नव्हतं.

बाबांना खेळाचे नियम कधी पूर्ण कळले नाहीत. त्यांना बर्फ कळायचा. मी गोल खाल्ला की ते म्हणायचे, "तुझी चूक नव्हती. गाडीवाल्याने पाणी जास्त सोडलं होतं." गाडीवाले ते स्वतःच असले तरीसुद्धा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेज खूप उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीपासून जवळ. आई-बाबांनी ते ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पाहिलं, पालकांना बोलावतात त्या शनिवारी. सकाळचा सराव झाल्यावर कोच सगळ्या पालकांशी बोलले. हातात कॉफी, डोक्यावर मळकी टोपी, बोलणं निम्मं गंमतीचं. शेवटी ते म्हणाले, "आणि गोलकीपरांच्या आई-बापांसाठी खास सूचना. सीझन चालू असताना या पोरांच्या डोक्यात काही घालू नका. मांजर मेलं, घराला आग लागली, काहीही होऊ दे. मार्चमध्ये सांगा."

सगळे हसले. पहिल्या गोलकीपरची आई म्हणाली, "याच्या डोक्यात काही जातच नाही, काळजी नको," त्यावर आणखी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, वर्गात मास्तरांसमोर हलवावी तशी. पार्किंगमध्ये आईला म्हणाले, "ऐकलंस ना? सर काय म्हणाले?"

मी म्हटलं, "बाबा, जोक होता तो."

"शिकवणारा माणूस आहे तो. उगीच कशाला बोलेल?"

आई म्हणाली, "बरोबर आहे. तुझ्या दहावीला मी टीव्हीची वायर काढून ठेवली होती, तसंच हे."

माझ्या दहावीला म्हणजे इथल्या टेन्थ ग्रेडला. त्या वर्षी बोर्ड वगैरे काही नसतं, पण आईला ते पटवता आलं नव्हतं. हेही पटवता आलं नाही, आणि मी फार प्रयत्नही केला नाही. मला वाटलं, काय फरक पडतो?

नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या पहिल्या गोलकीपरचा पाय जाळीच्या खांबात अडकला. तो उठला नाही. दोघांनी धरून त्याला नेलं, आम्ही स्टिका बर्फावर आपटल्या, तशी पद्धत आहे, आणि कोचने माझ्याकडे न बघताच बोट केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजने एवढंच जाहीर केलं की त्याला शरीराच्या खालच्या भागाची दुखापत आहे. आमच्या खेळात याहून जास्त सांगत नाहीत. गुडघा म्हटलं तर पुढची टीम गुडघ्यावरच येऊन आदळेल. म्हणून एकतर खालचा भाग, नाही तर वरचा भाग. डोकं फुटलं तरी वरचा भाग. हळूहळू टीमच्या आतही कुणी विचारत नाही. त्याच्या लॉकरवर कपडे तसेच टांगलेले होते आणि तो कुठे आहे, केव्हा येणार, हे विचारणं वाईट समजलं जात होतं.

आता दर शुक्रवारी आणि शनिवारी जाळीत मी. लहानपणी मला पक लागण्याची भीती वाटायची. त्या रबराच्या चकतीने माझ्या अंगावर कुठे कुठे काळंनिळं झालंय ते मी आईला कधी दाखवलं नाही. आता भीती वेगळी होती. मोठ्या मुलांच्या खेळात पक दिसतच नाही. समोर चार-पाच जणांच्या पाठी असतात. त्यांच्या पलीकडे कुठेतरी स्टिकचा फटका ऐकू येतो आणि मग आपण थांबायचं असतं. त्या थांबण्याची मला भीती वाटायची. सामन्याआधी मी न चुकता ओकायचो. आमचा कॅप्टन, डेअरी फार्मवरचा आडवातिडवा मुलगा, बाथरूमच्या दाराला कान लावून उभा राहायचा आणि मग लॉकर रूमकडे तोंड करून ओरडायचा, "पोरांनो, झाली याची! जिंकलो आपण!"

एकदा मी ओकलो नाही तर तो खरंच काळजीत पडला. "काय रे, बरं आहे ना? बोट घाल की घशात. टीमसाठी."

सामना संपला की बाबांचा फोन यायचा. कॉलेजच्या साइटवर सामना दिसतो. बाबा तो बहिणीच्या लॅपटॉपवर पाहायचे आणि मी बसमध्ये चढायच्या आत फोन करायचे. "दुसरा गोल गाडीवाल्याचा. त्या कोपऱ्यात बर्फ फुगलाय, मला इथून दिसतोय. नवीन असेल पोरगा." मी नुसतं हं हं करायचो. एवढं ऐकलं की मला बसमध्ये झोप लागायची.

थँक्सगिव्हिंगला आमचे सामने होते म्हणून घरी गेलो नाही. त्या शनिवारी फोन आला नाही. मेसेज आला. त्यात अक्षर एकही नव्हतं, फक्त वर केलेला पिवळा अंगठा.

हे इथे सांगायला हवं. माझे आजोबा निरक्षर होते. सातबाऱ्यापासून सोसायटीपर्यंत सगळीकडे अंगठा उठवायचे, आणि बाबांनी लहानपणी लोकांना त्यांना अंगठेबहाद्दर म्हणताना ऐकलंय. बाबांना तो फोनमधला अंगठा बघवत नाही. मी एकदा त्यांना तसा पाठवला तर ते चिडले होते. "दोन शब्द लिही. आपल्या घरात आता कुणी अंगठा उठवत नाही." स्वतः ते एका बोटाने, वेलांट्या चुकवत, पण शब्द लिहायचे. 'जेवलास का' एवढं लिहायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा, तरी लिहायचे.

मी तो अंगठा बसमध्ये बघत बसलो. हा बाबांनी पाठवलेला नाही, एवढं मला लगेच कळलं. त्यापुढे काय, ते विचारायला मी घाबरलो. पुढेही दर सामन्यानंतर तेवढा अंगठाच येत राहिला.

रविवारी आईला फोन केला.

"बाबा कुठेत?"

"झोपलेत रे. डबल शिफ्ट झाली त्यांची."

पुढच्या रविवारी बाबा आंघोळीला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी आई म्हणाली, "अरे, ते गावाला गेलेत. जमिनीच्या सह्या होत्या. अचानकच ठरलं."

"मला न सांगता?"

"तुझा सीझन आहे ना."

तिचा आवाज नेहमीसारखा होता, जरा जास्तच नेहमीसारखा. मी विचारलं, ख्रिसमसला येऊ का? ती म्हणाली, नको, मी आणि तुझी बहीण कॅलिफोर्नियाला, फ्रीमाँटच्या मावशीकडे जातोय, घर बंद असेल, शिवाय रस्ते बघ कसे आहेत. मग तिने विचारलं की गरम कपडे घालतोस ना, आणि फोन ठेवला. मी आत्याला फोन केला. आत्या एरवी फोन ठेवता ठेवत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "तू खेळ बाबा नीट. दुसरं काही डोक्यात आणू नकोस," आणि तिचा आवाज फुटला. कुकर झालाय असं म्हणून तिने फोन बंद केला. शिट्टी मला तरी ऐकू आली नव्हती.

ख्रिसमस मी कॅप्टनच्या घरी काढला. त्याच्या वडिलांनी मला गोठा दाखवला. ते गाईच्या पाठीवर थापट्या मारत मोठ्याने बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत विचार करत होतो, की बाबा गेले असतील तर आतापर्यंत दहावा, तेरावा सगळं होऊन गेलं असेल. मग तिथेच स्वतःला म्हटलं, असं काही नसतं, आई इतकं लपवणार नाही. मग आठवलं, आजी गेली तेव्हा बाबांची ग्रीन कार्डची मुलाखत होती. त्यांना चार दिवसांनी सांगितलं होतं. आमच्याकडे असंच करतात. ज्याचं काही महत्त्वाचं चालू आहे त्याला सांगत नाहीत. तो चिडत नाही, उलट पुढे दुसऱ्या कुणासाठी तोही तसंच करतो.

लोक विचारतील, सरळ विचारलं का नाहीस? बस पकडून गेला का नाहीस? मी स्वतःला रोज विचारायचो. खरं उत्तर इतकंच की जोवर कुणी सांगितलं नव्हतं तोवर बाबा होते. मी गेलो असतो तर दार उघडावं लागलं असतं.

जानेवारीत आम्ही जिंकायला लागलो. हे मला अजून समजत नाही. मला काही दिसत नव्हतं, झोप नव्हती, आणि पक माझ्या अंगावर येऊन थांबत होते. पोरं म्हणायची, भिंत झालाय हा. दोन पिरियडच्या मध्ये बर्फावर ती गाडी यायची तेव्हा मी आत निघून जायचो. एकदा दुसऱ्या गावच्या रिंकवर, लॉकर रूमकडे जाणाऱ्या बोगद्याजवळ उभा होतो आणि गाडीवर बसलेल्या म्हाताऱ्याने जाता जाता मला हात केला. सगळेच ड्रायव्हर करतात. मी भिंत धरली. ट्रेनरने विचारलं, "लागलंय कुठे?" मी नाही म्हटलं. त्याने तरी बर्फाची पिशवी दिली. ती कुठे लावायची ते मला कळेना, म्हणून नुसती हातात धरून बसलो.

त्या आठवड्यात मी बहिणीला फोन केला. ती पंधरा वर्षांची आहे, माझ्याशी मराठी फक्त भांडताना बोलते.

"बाबांच्या फोनवरून अंगठे कोण पाठवतं?"

ती म्हणाली, "मी. सॉरी, दादा. ममा म्हणाली काहीतरी पाठव, मला स्पेलिंग येत नाही मराठी."

"बाबा गावाला गेलेत?"

"आय कान्ट. ममाने शपथ घातलीय. तिची शपथ. म्हणजे मोडली तर तिला काही होईल ना?"

"काही होत नाही शपथेने."

"यू डोन्ट नो दॅट."

"एकच सांग. आहेत ना?"

"कोण?"

"बाबा. आहेत ना?"

ती रडायला लागली आणि फोन कट झाला. मी परत लावला नाही. हो म्हणायला एक अक्षर पुरतं, असं मी रात्रभर धरून बसलो होतो. ती घाबरली असेल, आई खोलीत आली असेल, हेही मला सुचत होतं. पण पहिला विचार सोडत नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी प्लेऑफ आले. एक सामना हरला की सीझन संपतो. पहिला गोलकीपर तोपर्यंत परत आला होता, पट्टा बांधून सरावाला उभा राहत होता, पण कोचने शुक्रवारसाठी मलाच ठरवलं. गुरुवारी सरावानंतर मी त्यांच्या ऑफिसात गेलो. दार उघडंच असतं. मी उभाच राहिलो.

"मला उद्या खेळता येणार नाही."

त्यांनी वर पाहिलं. "लागलंय?"

"नाही."

"वरचा भाग की खालचा?" ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा ते म्हणाले, "बस."

मी बसलो आणि म्हणालो की बहुतेक माझे वडील वारले आहेत. हे मी मोठ्याने पहिल्यांदा बोललो. इंग्रजीत होतं म्हणून बोलणं जमलं असावं.

"बहुतेक म्हणजे काय?"

मी सगळं सांगितलं. अंगठा, गाव, फ्रीमाँट, बहिणीची शपथ. ते शेवटी म्हणाले, "पण कुणी असं का करेल? नोव्हेंबरपासून? कोणी सांगितलं त्यांना असं करायला?"

मला सांगायचं नव्हतं. ते चांगले होते माझ्याशी. पण त्यांनी पुन्हा विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं. "ऑक्टोबरमध्ये. काहीही झालं तरी मार्चमध्ये सांगा, असं म्हणाला होतात."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग त्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. टक्कल होतं.

"ते मी दरवर्षी म्हणतो," ते म्हणाले. "अरे, ते हसायला म्हणतो मी. त्यांनी... देवा." मग जरा वेळाने, "तुझे वडील. त्या दिवशी तेवढे एकटेच माझ्याकडे नीट बघत होते."

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला, मग लक्षात येऊन म्हणाले, तुझ्याच फोनवरून आईला कर, नाही तर त्या घाबरतील. "मी बाहेर जाऊ?"

मी म्हटलं, "नको."

ते बसून राहिले. मी स्पीकर लावला नाही. लावला असता तरी त्यांना कळलं नसतं. मी फोन लावला आणि आईने लगेच उचलला.

"काय रे? आज गुरुवार ना? सामना उद्या आहे ना?"

"आई, मी कोचच्या ऑफिसात आहे. कोच समोर बसलेत."

"का? काय केलंस?"

"काही नाही. बाबांचं काय झालंय ते सांग."

"अरे, गावाला..."

"आई, सर म्हणतात आता सांगितलं तरी चालेल."

 मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, कुणीतरी तो बंद केला.

"सर म्हणाले?"

"सर म्हणाले. समोरच बसलेत. विचारू का त्यांना?"

"नको, नको. त्यांना कशाला त्रास." मग ती फोनपासून लांब जाऊन बहिणीला काहीतरी म्हणाली. परत आली तेव्हा तिचा आवाज पार वेगळा होता, गेले तीन महिने मी ऐकला नव्हता तो.

"आहेत," आई म्हणाली. "आधी ते ऐक. आहेत. इथेच आहेत घरात, पलंगावर. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिंकवर झटका आला त्यांना, गाडीवरच. गाडी जाऊन कडेच्या फळ्यांना टेकली, म्हणून लोकांनी पाहिलं. मेंदूत गाठ झाली होती रक्ताची. महिनाभर हॉस्पिटलात होते, मग रिहॅबला, घरी आणून आता तीन आठवडे झाले. उजवा हात उचलत नाही. पाय थोडा टाकतात, धरून. सगळं कळतं त्यांना, माणसं ओळखतात, पण बोलता येत नाही रे. एक शब्द येत नाही. काल डॉक्टरांनी सांगितलं, जिवाचा धोका गेला. बोलणं येईल का, ते मात्र आत्ताच सांगता येत नाही म्हणाले."